"वेडा परवडलो, पण असला ढोल नको": गोळीने वाढलेल्या वजनाबद्दल एका आईचं पत्र

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, वहीच्या चार पानांवर हाताने लिहून फोटो काढून पाठवलेलं. सगळं इथे टाकत नाही, थोडक्यात सांगते. मुलगा २३ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा आवाज ऐकू यायला लागले, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात, मोबाईलमधून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय असं वाटायला लागलं, झोप उडाली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आणि ओलान्झापीन सुरू केली, आधी १० एमजी, मग १५. दीड-दोन महिन्यांत आवाज जवळजवळ थांबले, पोरगा टेबलावर येऊन जेवायला लागला, बहिणीची टिंगल करायला लागला. पण आठ महिन्यांत वजन ५८ वरून ७६ वर गेलं. रात्री दोनला उठून लाडवाचा डबा संपवतो. वडील म्हणतात जिभेवर ताबा नाही. मावसभाऊ म्हणतो गोळ्या सोड, ही पावडर घे, महिन्यात आठ किलो जातात. आणि मागच्या आठवड्यात मुलगा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "आई, वेडा परवडलो, पण असला ढोल नको." तेव्हापासून ताईंना झोप नाही. त्या विचारतात, "गोळी अर्धी करून देऊ का? डॉक्टरांना विचारायची लाज वाटते हो, म्हणतील पोरगं माणसात आलं आणि ही वजनाचं रडगाणं घेऊन बसलीय."

ताई,

आधी त्या लाजेचंच बघू, कारण माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. आठ महिन्यांत १८ किलो म्हणजे रडगाणं नाही हो. तुमच्या मुलाला अंगावर पुरळ उठलं असतं तर दुसऱ्या दिवशी फोन केला असतात ना डॉक्टरांना? मग हे १८ किलो अंगावर उठलेत त्याचा फोन का नाही केला? मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. माझा धाकटा भाऊ वीसेक वर्षं याच आजाराच्या औषधांवर आहे आणि त्या वीस वर्षांत मी ज्या चुका केल्या त्यातली निम्मी अक्कल इथे वाटते, बाकी निम्मी अजून यायचीय.

आता तो लाडवाचा डबा. तुम्ही लिहिलंय की पोरगा पूर्वी असा नव्हता, दोन पोळ्यांवर तिसरी घ्यायला आग्रह करावा लागायचा. ताई, मग हाच पोरगा अचानक अधाशी कसा झाला याचा विचार घरात कोणीच का केला नाही? जीभ तीच आहे, गोळी नवीन आहे. ओलान्झापीन मेंदूत डोपामीन नावाच्या रसायनावर काम करते म्हणून आवाज थांबतात, पण ती तेवढ्यावर थांबत नाही, हिस्टामीन आणि सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनांची जी ठिकाणं पोट भरल्याची खबर घेतात तिथेही ती जाऊन बसते. मग होतं काय, पोट भरतं, पण भरलंय ही बातमी वर पोचतच नाही. माझ्या भावाने एकदा मला सांगितलं होतं, "ताई, जेवून हात धुताना मला असं वाटतं की आत्ता कुठे पानावर बसायचंय." हे वाक्य ऐकलं त्या दिवसापासून मी त्याला खाण्यावरून बोलणं बंद केलं. त्याआधी तीन वर्षं बोलत होते, ती तीन वर्षं मला अजून टोचतात.

वडिलांना पटणार नाही, त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी हॉस्पिटलमध्ये केमो घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना हीच ओलान्झापीन अगदी थोडी, रोज २.५ एमजी, १२ आठवडे देऊन बघितली. का, तर कॅन्सरमध्ये अन्नाची वासना जाते, माणूस वाळत जातो, म्हणून. २०२३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. म्हणजे बघा, ज्यांना अन्नाकडे बघवत नव्हतं अशा माणसांना जी गोळी जेवायला लावते, तिच्या सहापट डोस तुमच्या धडधाकट २३ वर्षांच्या पोराच्या पोटात रोज जातोय, आणि आपण त्याला म्हणतोय जिभेवर ताबा ठेव. हे वडिलांना वाचून दाखवा, हवं तर माझं नाव सांगून दाखवा.

भर म्हणून झोप. ही गोळी गुंगी आणते, सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत, चालणं-फिरणं कमी होतं, आणि आजारातच एक प्रकारचा थंडपणा असतो की उठावंसंच वाटत नाही, त्याला आळस म्हणू नका. आणि घरात दोन-तीन जणांना डायबेटिस असेल तर त्याचाही हात यात असतो. पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या तरुण पोरांचं वजन सगळ्यात झपाट्याने वाढतं, पहिल्या काही महिन्यांतच. एक खूणगाठ सांगून ठेवते, तुम्हाला उशीर झालाय पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल, पहिल्या महिन्यातच वजन ५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर पुढे बरंच वाढणार असं समजून त्याच महिन्यात डॉक्टरांशी बोलायचं. थांबायचं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, गोळी अर्धी करू का.

नका करू. आणि हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये, आमच्याकडे झालेलं सांगते. भावाचं वजन वाढायला लागलं तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं बरं का, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आधी डोकं सांभाळा, पोटाचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही. भावाने मग स्वतःच निर्णय घेतला. गच्चीत मनीप्लँटची मोठी कुंडी होती, एक दिवस मी माती हलवायला खुरपं घातलं तर आतून पांढऱ्या गोळ्या निघायला लागल्या, काही विरघळून मातीला चिकटलेल्या, काही अख्ख्या. मोजल्या, ४१ निघाल्या. आठवडाभराने तो परत रात्रभर जागायला लागला, टीव्हीवरच्या निवेदिका त्याच्याशी बोलायला लागल्या, आणि पंधराव्या दिवशी ॲडमिट. बाहेर आला तेव्हा जुना डोस पुरेना, वाढवावा लागला, आणि त्या वर्षीची नोकरी गेली ती गेलीच.

हे आमच्याच घरचं नशीब नाही. २०१२ साली ६५ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा निघाला होता, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, आणि औषध काढून खोटी गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. शिवाय डोस अर्धा केला म्हणजे भूकही अर्धी होईल असं काही गणित नाही, आवाजांपासूनचं कवच मात्र पातळ होतं. तुम्ही अर्धी गोळी देणार, डॉक्टरांना वाटणार १५ चालू आहे, आणि काही बिघडलं तर ते १५ चे २० करणार. कळलं ना घोळ कुठे होतो ते?

पण याच्या उलटंही तितकंच खरं आहे, आणि ते बोलायला डॉक्टर लोक कचरतात. वजनाकडे कोणी लक्ष दिलं नाही तर पोरगं स्वतःच गोळी सोडणार. आज ना उद्या सोडणारच. मग ती कुंडीत जाईल, नाहीतर कमोडमध्ये, नाहीतर जिभेखाली ठेवून बेसिनमध्ये. तेव्हा तुम्ही डॉक्टरांकडे वजनाचं रडगाणं घेऊन जात नाही आहात, पोराचं औषध चालू राहावं म्हणून जाताय. हे वाक्य असंच्या असं डॉक्टरांना म्हणा, "तो वजनामुळे गोळी सोडेल अशी भीती वाटते." बघा कशी खुर्ची पुढे सरकते.

मग डॉक्टर काय करू शकतात? बरंच काही.

एक म्हणजे औषध बदलणं. या गटातली सगळी औषधं वजनाच्या बाबतीत सारखी नाहीत. क्लोझापीन आणि ओलान्झापीन सगळ्यात वर. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, क्वेटियापीन मध्ये कुठेतरी. अरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, झिप्रासिडोन यांनी त्यामानाने कमी वाढतं. ही यादी वाचून लगेच मेडिकलमध्ये धावू नका, प्रत्येकाची आपली एक खोड आहे. अरिपिप्राझोलवर काही जणांचे पाय एका जागी ठरत नाहीत, सारख्या येरझाऱ्या, आतून तगमग, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढू शकतं, मुलींची पाळी थांबते, मुलांची छाती सुजू शकते, आणि हे तर पोरं कोणाला म्हणजे कोणाला सांगत नाहीत. ल्युरासिडोन रिकाम्या पोटी घेतली तर अंगाला पुरेशी लागतच नाही, निदान साडेतीनशे कॅलरीचं जेवण सोबत लागतं, म्हणजे दोन पोळ्या भाजी आणि वाटीभर आमटी, चहा-बिस्किटावर भागत नाही. जुन्यातलं हॅलोपेरिडॉल वजन कमी वाढवतं पण हातपाय ताठ, हाताला कंप, चेहरा लाकडासारखा. आणि बदलायचं म्हणजे आज एक बंद उद्या दुसरं सुरू असं नसतं बहुतेकदा, एक हळूहळू उतरवत दुसरं चढवतात, काही आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यात तेल घालून बघायचं असतं, झोप कशी आहे, पुटपुटतोय का, दार लावून बसतोय का. परीक्षा, घरातलं लग्न, गणपती असल्या गडबडीत हे करू नका, शांत महिना बघा.

आणि कधीकधी बदलता येतच नाही. माझ्या भावाला दोन औषधांनी फरक पडला नाही म्हणून क्लोझापीनवर यावं लागलं, पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावं लागतं म्हणून. वजनाच्या बाबतीत हे औषध सगळ्यात वाईट. पण त्याच्या डोक्यातला गोंगाट थांबवणारंही तेच एक निघालं. तेव्हा आम्ही औषध ठेवलं आणि वजनाशी भांडलो. प्रत्येक घराला हा हिशोब आपला आपण करावा लागतो.

दुसरी गोष्ट मेटफॉर्मिन. हो हो, शुगरचीच गोळी. डॉक्टरांनी लिहून दिली तर दचकू नका. आमच्या इथला केमिस्ट भर दुकानात ओरडून म्हणाला होता, "तुमच्या भावाला शुगर पण निघाली का?" निघाली नव्हती. या औषधांनी वाढणारं वजन थोडं आवरायला ती शुगर नसतानाही देतात, आणि आता तर अशी शिफारस आहे की ओलान्झापीन किंवा क्लोझापीनसारखं औषध सुरू करतानाच मेटफॉर्मिनचा विचार करावा, वीस किलो वाढायची वाट बघू नये. जादू नाही ती. अभ्यासांत सरासरी तीनेक किलोचा फरक दिसतो, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळ, जुलाब, म्हणून थोड्या डोसपासून आणि जेवणासोबत सुरू करतात. किडनीची तपासणी आधी होते. आणि तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय, तर बी-१२ कडे लक्ष ठेवा, आपल्याकडे ते आधीच खाली असतं आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की अजून उतरतं, मग मुंग्या येणं, थकवा सुरू होतो, आणि सगळे मानसिक म्हणून सोडून देतात. वजनाची ती आठवड्याची इंजेक्शनंसुद्धा आता मनाच्या आजाराच्या पेशंटमध्ये वापरून बघतायत, पण तो विषय डॉक्टरांसमोर बसून, खर्च आणि त्रास दोन्ही विचारून करायचा, मावसभावासमोर नाही.

मावसभावावरून आठवलं. ती पावडर फेकून द्या. डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे याचा भरवसा नसतो, आणि वजन उतरवायच्या असल्या कित्येक गोष्टींत झोप उडवणारं, छातीत धडधड करणारं काहीतरी असतं. ज्या पोराची झोप उडाली की आजार दार ठोठावतो त्याला हे द्यायचं? मावसभावाचा हेतू चांगला असेल, पण रात्री दोनला पोराजवळ बसायला तो येणार नाहीये.

तपासण्यांचं सांगते, कारण तुमच्या पत्रात एकाही रिपोर्टचा उल्लेख नाही. फाईलमध्ये सुरुवातीचं वजन लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर आजचं लिहा. उपाशीपोटी शुगर किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडचा रिपोर्ट, बीपी, कमरेचा घेर. हे औषध सुरू करताना बघायचं असतं, साधारण तीन महिन्यांनी परत, आणि पुढे वर्षाला. आठ महिन्यांत झालं नसेल तर या आठवड्यात करून घ्या, सोबत थायरॉइडही बघायला सांगा. कमरेला शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर लावायची, श्वास ओढून धरायचा नाही. आपल्या लोकांत पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. तुमच्या मुलाची उंची तुम्ही साडेपाच फूट लिहिलीय, ७६ किलोला त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २७ च्या आसपास येतो, आणि भारतीयांसाठी २५ लाच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटावर चरबी आणि शुगर येते. तेव्हा नातेवाईक जे म्हणतात ना, "छान बाळसं धरलंय की", त्यांना हसून चहा द्या आणि विषय बदला.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. समजा काही महिन्यांनी पोरगा सारखं पाणी प्यायला लागला, रात्री चार-चार वेळा लघवीला उठतोय, आणि वजन आपोआप भराभर उतरतंय, तर पेढे वाटू नका. ती शुगर भडकल्याची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप, सुस्ती असेल तर सरळ हॉस्पिटल, वाट बघायची नाही.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा परखड बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय की डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. काढा ते कुलूप. आम्हीही लावलं होतं, भावाने मग कोपऱ्यावरच्या टपरीवरून उधारीवर क्रीमची बिस्किटं घ्यायला सुरुवात केली, महिनाअखेर टपरीवाल्याने साडेसातशेचं बिल हातात ठेवलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलायला शिकला, जो माणूस गोळीबद्दल माझ्याशी खरं बोलायला हवा होता तो. कुलुपापेक्षा लाडूच करू नका काही दिवस. घरात जे नाही ते रात्री दोनला खाता येत नाही. आणि हे सगळ्यांसाठी हं, त्याला मुगाचं धिरडं आणि बाकीच्यांना शिरा असलं चालणार नाही, त्याच्या बहिणीच्या ताटातही तेच. रात्री उठलाच तर हाताशी काहीतरी असू दे, भाजलेले चणे, काकडी, गाजर, ताकाचा तांब्या. तो खाणारच आहे, काय खाणार एवढंच आपल्या हातात. संध्याकाळी पाचला नीट खायला द्या, उसळ, अंडं खात असेल तर अंडं, म्हणजे रात्रीच्या जेवणावर तुटून पडणं थोडं कमी होतं. गोळी नक्की किती वाजता द्यायची हेही डॉक्टरांना विचारा, आमच्याकडे साडेदहाची साडेआठला आणली तर तो दहाला झोपायला लागला आणि दोनचा फेरा बराच कमी झाला, प्रत्येकाला होईल असं नाही.

प्यायचं बघा. या औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि पोरं थंड्याच्या बाटल्या रिचवतात. माझ्या भावाचं अर्धं वजन तर त्या दोन लिटरच्या बाटलीतून आलं असं माझं ठाम मत आहे. चहा किती वेळा होतो आणि त्यात साखर किती हेही एकदा मोजा, आमच्याकडे सहा कप निघाले होते, प्रत्येकात दोन चमचे.

आणि ते सोमवार. तुम्ही मुलासाठी सोळा सोमवार करताय, तोही तुमच्यासोबत उपास करतो असं कौतुकाने लिहिलंय. ताई, भक्तीबद्दल मी काही बोलत नाही, पण ताटात काय असतं? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, रताळ्याचा गोड काप. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. उपास तुम्ही करा, महादेव समजून घेईल, पोराला त्या दिवशी भाजी-भाकरी वाढा. उपाशी ठेवणं तर नकोच, दिवसभर पोट मारलं की रात्री दुप्पट उसळतं.

व्यायामाचं लांबलचक सांगत नाही, जिमची वर्षाची फी भरू नका एवढंच. दहा-पंधरा मिनिटं संध्याकाळी चालणं, सोबत कोणीतरी. वडील गेले तर उत्तम, पण वाटेत उपदेश करायचा नाही ही अट. तुम्ही म्हणताय तो घराबाहेरच पडत नाही. मी विचारते, त्याच्याकडे अंगाला बसणारी पॅन्ट किती आहेत? बघा जरा कपाट उघडून. भावाच्या वेळी मला हे फार उशिरा सुचलं. त्याच्या सगळ्या जीन्स जुन्या वजनाच्या, म्हणून तो वर्षभर एकाच ताणलेल्या ट्रॅकपॅन्टवर, आणि त्या ट्रॅकपॅन्टवर कोणाच्या लग्नाला, कोणाच्या वाढदिवसाला जाणार? मला वाटायचं नवीन कपडे घेतले तर तो याच वजनाला राजी होईल. झालं उलटंच. आत्ताच्या मापाच्या दोन पॅन्ट, दोन शर्ट आणले, त्या रविवारी तो स्वतःहून दाढी करून मंडईत आला माझ्याबरोबर, पिशवी धरायला. तेव्हा तुम्ही डॉक्टरांकडे जायच्या आधी कापडाच्या दुकानात जा, खरंच.

तो सिगारेट-बिडी ओढतो का ते तुम्ही लिहिलं नाही, तुम्हाला माहीत नसेलही. ओढत असेल आणि मध्येच सोडली तर कौतुक करा पण डॉक्टरांना कळवा, धुरामुळे ओलान्झापीन आणि क्लोझापीन शरीरातून लवकर बाहेर जातात, धूर थांबला की त्याच डोसला रक्तातलं प्रमाण वाढतं, गुंगीही वाढते.

राहता राहिलं त्याचं ते वाक्य. मला ते वाचून पहिल्यांदा धस्स झालं, मग वाटलं की अरे, आठ महिन्यांपूर्वी याला आरशातला माणूस आपलाच आहे की नाही याचीही खात्री नव्हती, आज तो आपल्या दिसण्याबद्दल २३ वर्षांच्या कुठल्याही पोरासारखा चिडतोय. चिडू दे. "असं बोलू नये", "देवाने वाचवलं म्हण" असलं काही म्हणू नका. "खरंय, तुला त्रास होतोय, आणि हे गोळीमुळे झालंय, तुझ्यामुळे नाही" एवढं म्हणा. हे वाक्य त्याने घरात एकदाही ऐकलं नसेल बहुतेक. पण पुढे तो जगण्यात अर्थ नाही, मरून जावंसं वाटतं असं काही बोलायला लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन, आणि ते भेटले नाहीत तर १४४१६ ला, टेली-मानस, सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल तर पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, घरच्यांसाठी काम करते, तिथे चौकशी करा. आपल्यासारख्या दहा आया एकत्र बसल्या की निम्मं ओझं तिथेच उतरतं, त्यात एखादी तरी कुंडीतल्या गोळ्यांवाली निघतेच.

गुरुवारी तुमची अपॉइंटमेंट आहे म्हणालात. मुलाला सोबत घेऊन जा आणि बोलायचं त्यालाच बोलू द्या, तुम्ही नंतर. औषधाचे त्रास काय आणि पर्याय काय हे विचारायचा पेशंटला हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते लिहिलेलं आहे, कायदा तोंडावर फेकू नका पण मनात असू द्या. बुधवारी रात्री एका कागदावर त्याच्याकडूनच लिहून घ्या. आधीचं वजन, आत्ताचं वजन. रात्री किती वाजता भूक लागते. आवाज आता कितपत येतात, हे खरं खरं. घरात कोणाकोणाला शुगर आहे. गोळी किती वेळा चुकली, हेही खरं खरं, आणि हे लिहिताना तुम्ही खोलीबाहेर थांबा. खाली दोन प्रश्न: हे औषध बदलता येईल का, आणि नसेल तर मेटफॉर्मिन चालेल का. डॉक्टर "नंतर बघू" म्हणाले तर उठू नका, "नंतर म्हणजे कोणती तारीख" विचारा आणि ती फाईलवर लिहून घ्या. तरीही टाळलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, चालू गोळी न थांबवता.

माझा भाऊ ९४ पर्यंत गेला होता. आता ८६ आहे, त्याला दीड वर्ष लागलं, आणि मागच्या दिवाळीत चकलीने दोन किलो परत आणले. तो अजून चिडतो. पट्ट्याला त्याने स्वतः खिळ्याने एक भोक जास्तीचं पाडलंय, वाकडं पडलंय, पण कोणी घरी आलं की शर्ट वर करून दाखवतो.

गुरुवारी काय झालं ते कळवा. आणि पॅन्टचं माप घ्यायला त्यालाच घेऊन जा, अंदाजाने आणू नका.